डोंगरकड्याचा विळा आणि देवमासा

"पाठ जनावराकडं, धार दोरीकडं. आन् घाई करू नको, लेकरा."

मित्रांनो, निर्मलाबाईंचा तो हळू आवाज अजून माझ्या मुठीत आहे. मी एक जुना विळा आहे. डोंगरकडा गावच्या लोहाराने मला घडवले आणि जवळच्या तांड्यावरच्या निर्मलाबाईंच्या हाती दिले. त्यांचा देविदास तेव्हा सात-आठ वर्षांचा होता.

एकदा त्यांचा गोऱ्हा दाव्यात पाय गुंतून पडला. तो जितका ओढ घेई, तितके दावे आवळे. बाईंनी आधी त्याच्या कपाळावरून हात फिरवला, मग मला देविदासच्या हाती दिले. माझी धार आतून, पाठ बोथट. पाठ कातडीला टेकवून ओढले की दोर तुटतो, जनावराला ओरखडाही येत नाही. बाईंचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरत. ही शिकवण तेव्हाची.

पुढे मी कितीतरी ज्वारी कापली. गाईला पहिली भाकर दिल्याशिवाय बाई घास घेत नसत, आणि मला पुसल्याशिवाय शेतातून निघत नसत. मग गावात कापणीचे यंत्र आले. मी वळचणीला गेलो, गंजलो.

देविदास मालवणला बोटीवर खलाशी म्हणून निघाला, तेव्हा बाईंनी मला घासून त्याच्या पिशवीत घातले.

"याडी, समुद्रात काय ज्वारी कापू?" आईला याडी म्हणणारा देविदास हसला.

"दोऱ्या तर असतीलच ना तिथं," त्या म्हणाल्या.

एका सकाळी बोटीच्या जाळ्यात देवमासा अडकला. शेपटीला आणि एका पराला दोर आवळलेला. मित्रांनो, देवमाशाला श्वास घ्यायला पाण्यावर यावेच लागते. दर खेपेला त्याला वर यायला जास्त वेळ लागत होता. असे देवमासे आता फार थोडे उरलेत.

देविदासने सदरा काढला आणि मला घेऊन उडी मारायला निघाला. "कपाळावर हात ठेवल्याबिगर जनावर शांत कसं व्हईल?"

बोटीचे प्रमुख सहदेव तांडेल यांनी त्याला दंडाला धरून मागे ओढले. "मेल्या, बैल वाटलो काय तुका? शेपटी लागली तर जीव रवाचो नाय!"

मग मला लांब बांबूला बांधले. जाळे तांडेलांचे, तेही नवेकोरे. देविदास त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"बघतंस काय? काप! जाळा परत विणूक येता."

इंजिन बंद झाले. देविदास हळू आवाजात देवमाशाशी बोलत राहिला, गोऱ्ह्याशी बोलावे तसा. मी त्या काळ्या कातडीवरून पाठीने सरकलो आणि धारेत एकेक दोर घेतला. शेवटचा, शेपटीवरचा दोर तुटला तेव्हा माझे टोकही मोडले. देवमासा खोल गेला. सगळ्यांनी श्वास रोखला. दूरवर पाण्याचा फवारा उडाला, तेव्हा तांडेलांनी मला कपाळाला लावले.

"असलो विळो बंदरातल्या सगळ्या होडयेत होयो. आणशीत?"

"आणतो. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या आत."

आता मी पुन्हा तांड्यावर आहे. मला समोर ठेवून लोहाराने पहिल्या खेपेसाठी अकरा नवे विळे घडवले. मला घडवणाऱ्या, पुसणाऱ्या आणि गंजल्यावरही न टाकणाऱ्या हातांचे उपकार कसे फेडू? जाळे तोडायला सांगणाऱ्या तांडेलांचेही. मित्रांनो, तुमच्याजवळ एवढेच मागतो: तुटकी दोरी, फाटके जाळे पाण्यात टाकू नका. आपण विसरतो, पण ते गुंतवायचे विसरत नाही.

आज सकाळी गाईला भाकर देऊन बाईंनी नव्या विळ्यांची पाती लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळली. "बराबर पोचव, लेकरा."

"व्हय, याडी."

माझे टोक मोडलेले. मी राहणार असे मला वाटले. पण अंगणातून देविदास परत फिरला. "शिकवायला जुनाच पायजे," म्हणत त्याने मला वळचणीतून काढले, पिशवी खांद्याला लावली आणि मागे न बघता तो एसटीच्या थांब्याकडे चालू लागला.