हिरव्या हॉर्नची गाडी

"मामा, असं कसं म्हणता? पान अठ्ठावीस!" दातांच्या डॉक्टरांनी क्लबचं माहितीपुस्तक मामांच्या नाकासमोर धरलं.

पान अठ्ठावीसवर छापलं होतं: 'या मॉडेलच्या पहिल्या शंभर गाड्यांना हॉर्नची हिरवी बटणं लावली गेली, कारण कारखान्यात त्या आठवड्यात पांढरी संपली होती.' आणि खाली बारीक अक्षरात, 'माहिती: मामा'.

"ते मी ठोकून दिलं होतं," मामा म्हणाले.

सगळे हसले. जुन्या गाड्यांच्या या क्लबात मामांच्या विनोदाला मान देण्याची पद्धत होती. मामा विनोद करत नसत, त्यामुळे ती फारशी वापरात आली नव्हती.

मामा तसे कुणाचेच मामा नव्हते. अख्खी नोकरी त्यांनी स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे उभ्याने काढली होती. गिऱ्हाइकाने तोंडाने खर्रर्र आवाज काढून "गाडी अशी करते हो" म्हटलं, की मामा मागे न बघता फळीवरचा बरोबर खोका काढत. कुठल्या मॉडेलच्या वायपरला किती स्क्रू, कुठल्या सालापासून दाराची मूठ उलटी बसवायला लागले, सगळं तोंडपाठ. स्वतःची गाडी मात्र नव्हती. चालवताही येत नव्हती. तीस वर्षांपूर्वी क्लबच्या पहिल्या सभेला ते बसने आले आणि कुणीतरी विचारलं, "तुमची कोणती?"

उत्तर टाळायला मामांनी जगात कुणालाच माहीत नसलेली गोष्ट सांगितली. कुणाला माहीत नव्हती, कारण ती त्यांनी त्याच क्षणी तयार केली होती. हिरवाच रंग का? सकाळी घराच्या खिडक्या रंगवून आले होते, नखांत रंग अडकलेला, नजर तिथे गेली. "तुमची कोणती?" पुन्हा कुणी विचारलं नाही. त्यांनी क्लबला मामा बनवलं आणि क्लबने त्यांना मामा केलं.

तेव्हापासून क्लब हिरवं बटण शोधत होता. एकही सापडलं नव्हतं. त्यावरून ते किती दुर्मीळ आहे, हे सिद्ध झालं होतं.

आज समोर सत्तेचाळीस नंबर उभी होती. कारखान्यातून सत्तेचाळिसावी बाहेर पडलेली, रविवारच्या प्रदर्शनासाठी धुऊनपुसून आणलेली. गाडी एका सुईणबाईंची. बाळंतपणाला जाताना बाई गल्लीच्या तोंडाशीच हॉर्न वाजवायच्या, म्हणजे आतल्यांनी पाणी तापत ठेवावं. बावन्न वर्षं. हॉर्नचं पांढरं बटण मधोमध झिजून त्यात अंगठ्याएवढा खळगा पडला होता. बाई गेल्या वर्षी गेल्या. खळगा राहिला होता, आणि क्लब तो आता हिरवा करणार होता.

"हे पांढरंच मूळचं आहे, डॉक्टर."

"मामा, परदेशातल्या वेबसाइटवरसुद्धा हिरवं लिहिलंय."

"त्यांनी कुठून घेतलं?"

"आपल्या पुस्तकातून."

"आणि पुस्तकात कुठून आलं?"

"तुमच्याकडून."

"मग मीच सांगतोय ना!"

"दोन-दोन ठिकाणी आलंय, मामा," डॉक्टर समजुतीने म्हणाले. "तुम्ही एकटे आहात."

मामा सुईणबाईंच्या मुलीकडे गेले. ती शाळेत भूगोल शिकवायची. आईच्या जागी, स्टिअरिंगमागे बसली होती.

"बाई, इथे अंगठा ठेवा."

तिने खळग्यात अंगठा ठेवला. बरोबर बसला.

"हे कुणाला रंगवू देऊ नका. हिरवी बटणं कधी नव्हतीच. मी थाप मारली होती."

तिचे डोळे भरून आले. मामांना वाटलं, जमलं.

"किती मोठं मन आहे हो तुमचं," ती म्हणाली. "हा खळगा राहावा म्हणून स्वतःवर खोटेपणा घेताय."

"घेत नाही, बाई. मी आहेच खोटारडा."

"बघा ना! खोटारडा माणूस असं कबूल करेल का?"

मामांनी विचार करून पाहिला. युक्तिवादात कुठे फट नव्हती.

"आईला खोटं खपायचं नाही," ती अंगठा काढत म्हणाली. "गाडी घरी आली तेव्हा होती तश्शीच दिसू दे. मला कुठलं आठवायला, मी जन्मलेच नव्हते."

रंगारी डबा घेऊन आला. बटणाकडे वाकून बघत म्हणाला, "आधी ह्या खड्ड्यात पुट्टी भरतो. वर पॉलिश पेपर मारतो. एकदम सपाट, नव्यासारखं."

"पुट्टी नाही!" मामा एवढ्या जोरात ओरडले की डॉक्टरांच्या हातून पान अठ्ठावीस निसटलं. "पहिल्या शंभर गाड्यांना पुट्टी नव्हती."

डॉक्टरांनी लगेच पेन काढून ते लिहून घेतलं.

"मग मामा, तुम्हीच द्या रंग," मुलगी म्हणाली. "तुमच्याच हातून व्हावा."

"माझा हात थरथरतो," मामा म्हणाले आणि पुरावा म्हणून हात पुढे केला. मेला हलेचना.

त्यांनी ब्रश घेतला. बाहेर एक थेंब न सांडता, काउंटरवर पावती लिहावी तसं सावकाश, बटण हिरवं केलं. क्लबने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी काचेवर पाटी लावली, 'मूळ स्वरूपात'. मग सगळे चहाला गेले.

बटणाच्या कडा लवकर वाळल्या. मधल्या खळग्यात रंग साचला होता, तो ओलाच होता. कुणी त्यात अंगठा घालू नये म्हणून मामा शेजारच्या सीटवर बसून राहिले.