टॉवेल-टोपी आणि झोपलेला हिरा

ए थांबा, चहा नंतर. आधी ऐका, नाहीतर माझं पोट फुटेल.

गुरुवारी दुपारी बारा वाजता अक्कलकोट रोडच्या एका मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा असा ढीग होता, की माझी कुठं सोडली त्याचा मी फोटो काढून ठेवला. आत गर्दी म्हणजे काय गर्दी! ठरलेली लग्नं, ठरू घातलेली लग्नं, त्यांचे आईबाप, आत्या, मामा. एक आजोबा तर पन्नास वर्षं जुन्या बायकोला घेऊन आले होते. म्हणाले, "आता तरी कळू दे जुळलं का न्हाय." आजी शेजारीच बसलेल्या. त्यांनी नुसतं बघितलं. आजोबा पुढचा तासभर बोलले नाहीत.

हे सगळं कुणासाठी? रत्नबोध महाराजांसाठी. साखरपुड्याची अंगठी नवरीच्या बोटात घालायची, महाराज आपला 'देवदीप' तिच्यावर धरणार. जोडा जुळत असेल तर हिरा जागा होतो, म्हणजे निळा पेटतो. नसेल तर झोपून राहतो. आणि झोपला तर काळजी नको, बाजूच्या टेबलावर महाराजांचा भाचा आधीच जागे केलेले हिरे विकायला बसलेलाच आहे.

आमची अंकिता तिथं कशी, म्हणाल तर तिच्या होणाऱ्या सासूमुळं. वैजयंती काकू मोहोळच्या. माणूस सोन्यासारखं, पण कुणीतरी व्हॉट्सॲपवर निळ्या हिऱ्याचा व्हिडिओ पाठवला आणि काकूंची झोप उडाली. "रविवारी साखरपुडा हाय, त्याच्या आदी एकदा दाखवून घिऊ की. खर्च न्हाय काय न्हाय." म्हणून निघाली वरात. काकू, त्यांचे भाऊ धनाजी मामा, आमचा नवरदेव पृथ्वीराज, अंकिता, मी, आणि आमच्या टॉवेलच्या कारखान्यातली गंगम्मा. अंकिता आणि मी ऑफिसात बसतो, गंगम्मा खाली चेकिंगमध्ये. वीस वर्षं टॉवेल बघतेय. साखरपुड्याच्या आहेराचे टॉवेल तीच देणार होती, ते पिशवीत घेऊन ती थेट इथंच आली.

दारातच कार्यकर्त्यानं अडवलं. "पांढरं आत चालत नाही. पांढऱ्यानं हिऱ्याला दृष्ट लागते."

माझी पांढरी ओढणी गेली टोपलीत. पृथ्वीनं नेमका नवा पांढरा शर्ट घातलेला. त्याला शर्ट काढायला लावला नाही, वरून एक काळी चादर गुंडाळली. बाहेर बेचाळीस डिग्री! तो आत शिरला तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा पेशंट पळून आल्यासारखा दिसत होता. गंगम्माची पिशवी मात्र कुणी उघडून बघितली नाही.

खिडक्यांना काळे कागद लावलेले. भर दुपारी मिट्ट अंधार. स्टेजवर काळ्या कफनीतले महाराज, आणि पुढं पितळी मोर, त्याच्या चोचीतून जांभळा उजेड. मोराच्या शेपटाखालून एक वायर निघून सतरंजीखाली गेलेली.

मी पृथ्वीला म्हटलं, "देवदीपाला वायर हाय बघ."

"मग? देवळातल्या ट्यूबलाईटला नसती व्हय?"

हा माणूस कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला आहे बरं का. तिथं प्रत्येक बोल्ट हातोडी मारून, कान लावून तपासतो. इथं आला आणि कान घरी ठेवून आला.

महाराज सुरू झाले. "भक्तहो! हिरा म्हणजे दगड नव्हे! हिरा म्हणजे धरणीच्या पोटात गाढ निजलेलं बाळ! दुकानदार तुम्हाला काय विकतो? निजलेलं बाळ! वर कागद देतो, सर्टिफिकेट देतो! अरे, बाळाला कधी कुणी कागद देतं का?"

"देतात की, जन्मदाखला," मी पुटपुटले. काकूंनी चिमटा काढला. अजून निळा आहे, बघा.

पहिले वळसंगचे सिद्धलिंगप्पा. लेकीची दुकानातली अंगठी झोपली. हुंदका. मग भाच्याकडून जागा हिरा घेतला, तो दिव्याखाली धरला, आणि आईशप्पथ, टिकलीएवढा निळा तारा पेटला तिच्या बोटावर! सगळा हॉल "आऽऽ" म्हणाला. मीपण म्हणाले, खोटं कशाला बोलू. सिद्धलिंगप्पांनी किती दिले? अडीच लाख. हात जोडून दिले.

आता आमची अंगठी. ती कशी घेतली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अंकितानं त्यासाठी आम्हाला चार दुकानं हिंडवली. प्रत्येक ठिकाणी एकच पाढा, "सोन्याचे किती, खड्याचे किती, मजुरी किती, वेगवेगळं लिहून द्या." दोन खडे शेजारी ठेवून उन्हात नेऊन बघितले, आणि म्हणाली, "माझ्या डोळ्यांना फरक दिसत न्हाय, मग तीस हजार जास्त कशाचे?" खड्याच्या कडेवर केसापेक्षा बारीक नंबर कोरलेला असतो, तो भिंगातून वाचून सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळवला. सर्टिफिकेट तर अशी वाचत बसली, जसं काय उद्या त्याच्यावर पेपर आहे. पृथ्वीनं तेवढ्यात तीन लस्स्या संपवल्या. पाऊण लाखात साधी, सुंदर अंगठी आली. तेव्हाच काकू म्हणाल्या होत्या, "पोरगी लई चौकस हाय बाई." कौतुक होतं की तक्रार, मला तेव्हा कळलं नाही.

अंकिता स्टेजवर गेली. बोट पुढं केलं. मोराची चोच वळली.

काहीच नाही. अंधार. हिरा ढिम्म.

महाराजांनी एवढा मोठा उसासा टाकला, की पुढच्या रांगेतलं बाळ रडायला लागलं. "झोपला! आणि नुसता झोपला नाही माऊली, या बोटानं झोपवला! ही मुलगी ज्या घरात जाईल, त्या घराचं भाग्य झोपेल. उपाय दोनच. जागृत हिरा घाला, नाहीतर हे स्थळ सोडा."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. काकूंचा चेहरा मला त्या उजेडातसुद्धा पांढरा दिसला. पृथ्वी चादरीतून हात काढून मोबाईल चाचपू लागला. "मी... मी एफडी मोडतो. रविवारच्या आत होईल."

"मोडू नको," अंकिता म्हणाली. "मी दुसरी अंगठी घालणार न्हाय. आज अडीच लाख देऊन माझं बोट शुद्ध करून घेतलं, तर उद्या घरात दूध नासलं तरी माझंच बोट निघंल."

"अगं, पण महाराज म्हंत्यात..."

"तू काय म्हनतोस, पृथ्वी?"

पृथ्वी काही म्हणाला नाही. ते सगळ्यात वाईट होतं, बघा. खाली मान घालून उभा, घामानं निथळत.

काकू उठल्या. "असं करू. रविवारचं पुढं ढकलू. मग बघू." पुढं ढकलू म्हणजे काय, ते आपल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अंकितानं हळूच अंगठी काढली आणि मुठीत धरली. मला तर रडूच आलं.

आणि इथं, ऐका हं, इथं आपल्या रीतीनं वाचवलं! काकू कितीही घाबरल्या तरी रीत सोडणार नाहीत. मोठ्या माणसाकडून रिकाम्या हातानं उठायचं नाही. "धनाजी, जायच्या आदी म्हाराजांचा मान कर. टावेल-टोपी दे."

मामा तयारच. लग्न मोडो, जुळो, टॉवेल-टोपीला मामा कधी चुकले नाहीत. गंगम्माच्या पिशवीतून वरचा टॉवेल ओढला, स्वतःच्या खिशातून टोपी काढली, आणि भाचा "अहो थांबा, थांबा, पांढरं नको!" म्हणेपर्यंत मामांनी टॉवेल झटकून महाराजांच्या खांद्यावर टाकलासुद्धा. मोर अजून चालूच होता.

भप्पकन!

आख्खा टॉवेल निळा-पांढरा पेटला. ट्यूबलाईट पांघरावी तसे महाराज दिसायला लागले. हिरा टिकलीएवढा चमकला होता, हा साडेचार फूट! मग मागून एक बाई ओरडली, "टावेल जागा झाला!" आणि धडाधड लोक पाया पडायला लागले. महाराजांच्या नाही, टॉवेलच्या.

महाराज पण मुरलेले. हात वर करून म्हणाले, "हे माझ्या देहाचं तेज आहे, भक्तहो! वस्त्रातून..."

तेवढ्यात गंगम्मा हसायला लागली. तिचं हसणं म्हणजे बंद पडलेला माग चालू होतो तसं, आधी खडखड, मग थांबतच नाही. "अय्यो! तेज कसलं रे? आमच्या कंपनीचं पावडर हाय ते!"

"गप्प बसा, बाई!"

"तू गप. वीस वर्षं हाच दिवा हातात धरते मी. अंकिताम्मा, ही आपल्या चेकिंगची बत्ती हाय गं! टॉवेल जास्ती पांढरा दिसावा म्हणून पावडर घालतात ना, ते सगळीकडं सारखं बसलं का डाग पडलं, ते आम्ही हीच बत्ती मारून बघतो. पावडर असलं की पेटतं." मग पिशवीत हात घालून तिनं एक मळकट पिवळा टॉवेल काढला. "हे कोरं हाय, धुलाईला न गेलेलं. मी भाकरी बांधायला वापरते. बघा आता तेज."

चढली स्टेजवर. जागृत टॉवेल खसकन ओढला, भाकरीचा टॉवेल टाकला.

अंधार. महाराज विझले!

"काय झालं? देह झोपला काय रे?" गंगम्मा म्हणाली.

हॉल असा हसला, काय सांगू! ते पन्नास वर्षांच्या लग्नाचे आजोबा सगळ्यात मोठ्यानं. आणि मला एकदम दारातली टोपली आठवली. मी ओरडले, "पृथ्वी, चादर काढ!" त्यानं काढली. शर्ट पेटला. कॉलर पेटली, बाह्या पेटल्या. तो हसला, तर दातसुद्धा थोडे पेटले. मी सगळ्यांना म्हटलं, "ह्याच्यासाठी पांढरं बंद होतं! दृष्ट बिष्ट काय न्हाय, सगळ्यांचे कपडे पेटले असते तर हिऱ्याकडं बघितलं कुणी असतं?"

अंकितानं तोवर पर्समधून सर्टिफिकेट काढलं होतं, मोबाईलच्या उजेडात वाचत होती. "काकू, हितं बघा. खालून तिसरी ओळ. फ्लुओरेसन्स, नाही. मी दुकानात विचारलं होतं हे काय म्हणून. ते म्हणले, काही हिरे जांभळ्या दिव्याखाली निळे चमकतात, बरेच चमकत न्हाईत. ज्याचा त्याचा गुण. आपला चमकणार न्हाय, असं छापूनच आलंय. माझं बोट तेव्हा ह्या अंगठीला लागलं पण नव्हतं!"

"आणि लई चमकणारे?" पृथ्वीनं विचारलं. आलं एकदाचं तोंडातून काहीतरी.

"कधी कधी उन्हात दुधट दिसतात. म्हणून बऱ्याचदा तेच स्वस्त मिळतात. ह्यांनी आधीच बत्तीखाली धरून चमकणारे तेवढे वेगळे काढलेत, आणि चौपट भावानं विकायला बसलेत." मग टेबलाकडं वळून, "दादा, तुमच्या जाग्या हिऱ्याचं सर्टिफिकेट दाखवा की."

दादा होताच कुठं? डबा काखेत मारून मागच्या दारानं निघालेला. पण सिद्धलिंगप्पा दारात आडवे उभे. शेतकरी गडी, दाराएवढाच. "पैसे ठेव, मग जा," एवढंच म्हणाले. ठेवले. कुणीतरी खिडकीचे काळे कागद टराटरा फाडले, आणि सोलापूरचं ऊन एकदम आत आलं. त्या उन्हात महाराज म्हणजे एक घामेजलेला माणूस, खांद्यावर भाकरीचा टॉवेल. पोलीस येईपर्यंत बसून होता बिचारा, कुणी पाणी दिलं तर पीत.

सगळे हसत होते, पण अंकिता हसली नाही. अंगठी अजून मुठीतच. काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

मग म्हणाल्या, "ती तिसरी वळ मला वाचून दाखीव गं. सावकाश."

अंकितानं वाचली. काकूंनी भिंग मागितलं, ते तिच्या पर्समध्ये होतंच. अंगठी उन्हात धरून, एक डोळा मिटून, त्या नंबर शोधत राहिल्या. सापडल्यावर एकेक आकडा मोठ्यानं म्हणाल्या, कागदाशी जुळवला. "जुळतंय," म्हणाल्या. "आता माजा मेळ लागला. रविवारी अकराचं ठरलंय ते ठरलंय. आन पिर्थ्या, ती तुला इचारत व्हती तू काय म्हंतोस, तवा कुटं गेलती तुजी जीभ? आदी तिची माफी माग."

मागितली. कान धरून, चार माणसांत. अंकितानं त्याला दोन मिनिटं उभं ठेवलं, मग बोट पुढं केलं.

रविवारी साखरपुडा झाला. पहिली टॉवेल-टोपी काकूंनी गंगम्माला दिली. बाईमाणसाला टोपी कशी, म्हणून चारजण कुरकुरले. काकू म्हणाल्या, "डोकं ज्याचं चाललं, टोपी त्याची."

आता हसताय, पण उद्या तुमची पण लग्नं आहेत. हिरा घ्या नाहीतर नका घेऊ, त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. घेतलात तर चार दुकानं फिरा, सगळ्याचे भाव वेगवेगळे विचारा, कागद वाचा, आणि लाजू नका. विचारणाऱ्या पोरीला कुणी चौकस म्हटलं तर म्हणू द्या. आणि कुणी अंधारात नेऊन तुमचं नशीब दाखवायला लागला, तर फक्त एक काम करा. खिडकी उघडा. खरं असेल ते उन्हात पण खरंच राहतं.

हां, आता सांगा चहा. आणि माझी ओढणी कुणी बघितली का? त्या टोपलीतच राहिली की!