सुक्याचं गणित

गेल्या थंडीत गुंड्याने भट्टीसमोर शीळ घातली, तेव्हा थोरल्या बहिणीच्या हातातला पिठाचा गोळा हातातच राहिला. आईवडिलांमागे बेकरी या दोघांनी चालवलेली. मळणं ताईकडे, भाजणं गुंड्याकडे. पण त्याआधी कित्येक वर्षं तो भट्टीपाशी असायचा तो नुसता उभा. घास उतरत नव्हता, झोप नव्हती. कारण विचारलं तर म्हणायचा, "कारण असतं तर त्याच्याशी भांडलो असतो गं, ताई." डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, विजेचे झटके झाले, ताईचे उपास झाले. देवाने काही ऐकलं नाही.

मग इस्पितळात एक प्रयोग निघाला. एका जातीच्या भूछत्रातून काढलेलं औषध, एकदाच द्यायचं. त्याआधी बैठकांवर बैठका. घराण्यात कुणाला वेड लागलं होतं का, याची चौकशी. मग एका शांत खोलीत डोळ्यांवर पट्टी बांधून दिवसभर पडून राहायचं आणि दोन माणसांनी शेजारी बसायचं. त्या संध्याकाळी गुंड्या घरी आला आणि बायकोला म्हणाला, "भूक लागलीय." ती बिचारी चुलीपाशी बसून आधी पोटभर रडली, मग उठली.

"काय दिसलं रे तुला?" ताईने विचारलं.

"आधी नुसती भीती. शेजारची बाई म्हणाली, भ्या खुशाल, मी आहे. मग भिऊन झालं. संपलं."

"आणि मग?"

"मग तुझं पीठ दिसलं. फुगत होतं. तुझ्यासारखंच."

"मेल्या!" म्हणून तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. हात पिठाचा होता, पाचही बोटं उमटली. त्याने ती दिवसभर पुसली नाहीत.

ते सुख उन्हाळ्यापर्यंत टिकलं. आधी शीळ थांबली, मग जेवण, मग बोलणं. प्रयोगाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरी फेरी निघणार आहे, गुंड्याचं नाव त्यात आहे, फक्त मंजुरी यायची आहे. धीर धरा. त्याच आठवड्यात भरदुपारी भावजयीने त्याला रेल्वेच्या पुलावरून सदऱ्याला धरून घरी आणलं. सदऱ्याची शिवण उसवली होती, पण तिची मूठ उघडत नव्हती.

"धीर धरा म्हणे," ती धापा टाकत म्हणाली. "ताई, धीर काय कपाटात ठेवलाय, काढून धरायला?"

ताई देवापुढे बसली तर नामजपात गाडीची शिट्टी ऐकू यायची.

रोज पाव न्यायला येणारा एक दाढीवाला होता. गावाबाहेर त्याची रोपवाटिका होती आणि तिच्या आडोशाला तो तीच भूछत्रं लावतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भावजयीने त्यालाच गाठलं.

"मी घेतो ना अधूनमधून," तो म्हणाला. "माणूस पार धुऊन निघतो, वहिनी."

"दिसतंय. दाढीत कालच्या पावाचा चुरा आहे अजून."

तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "हे बघा, ज्याचं मन आधीच काठावर आहे, त्याला मी देत नाही."

"तो पुलाच्या काठावर होता, भाऊ. आता तुम्हीच सांगा, कुठला काठ बरा."

दुसऱ्या दिवशी तो कागदाची पुडी घेऊन आला. ताजी किती लागतात, ते त्याने ओंजळीने दाखवलं. "पण ही सुकी आहेत. सुकी पुष्कळ कमी लागतात. नीट विचारून..."

"सुक्याचं गणित मला नको शिकवू," ताई म्हणाली. "जन्म गेला त्यात."

खरंच गेला होता. ताजं यीस्ट मिळालं नाही की सुकं घालायचं, ते ताज्याच्या तिसऱ्या हिश्शाने. बेकरीत हे कुणी विचारत नाही, जसं डावा हात कुठला ते विचारत नाहीत. तिने ओंजळीचं वजन मनात धरलं, त्याचा तिसरा हिस्सा तराजूत तोलला आणि देवाचं नाव घेतलं.

दुकानामागच्या खोलीत पडदे ओढले. गुंड्याच्या डोळ्यांवर धुतलेला रुमाल बांधला. इस्पितळातल्यासारखं सगळं केलं. पहिल्यांदा तो शांत होता, भावजयीचा हात चेपत होता. मग ती चेप वाढत गेली.

"वास येतोय," तो म्हणाला. "कोण करपतंय?"

"कुणी नाही रे. भ्या खुशाल, मी आहे," ताई म्हणाली. त्या बाईचे शब्द जसेच्या तसे म्हणाली. पण ते शब्द त्याच्यापर्यंत पोचले नाहीत.

"मी आत राहिलोय!" तो ओरडला आणि रुमाल फाडून उठला. दोघींना ढकलून तो भट्टीपाशी गेला, दार उघडलं, आणि स्वतःला बाहेर काढायला दोन्ही उघडे हात आत घातले.

ताईने कमरेला मिठी मारून त्याला मागे ओढलं. दोघं पिठाच्या पोत्यांवर आदळली. तो तळव्यांकडे बघत नव्हता, भट्टीकडे बघून हाका मारत होता. स्वतःच्याच नावाने.

"फोन करते," ताई म्हणाली.

"नको!" भावजय आडवी आली. "पोलीस येतील. फेरीतलं नाव जाईल, ताई. उतरेल थोड्या वेळात. पाया पडते."

"हात बघ त्याचे."

भावजयीने पाहिलं आणि स्वतःच फोन ताईच्या हातात दिला.

इस्पितळात डॉक्टरीणबाई धावत आल्या. "किती दिलं?"

ताईने सांगितलं. ओंजळ, तिसरा हिस्सा, यीस्ट, सगळं.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ही सुकली की दहातला जेमतेम एक हिस्सा उरतो, ताई. तुम्ही तिप्पट दिलंत."

त्या आवाज चढवून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणि दुसरी फेरी?" भावजयीने विचारलं.

"नाही घेता येणार. नियम आहे. आणि नियम नसता तरी आता माझं धाडस झालं नसतं. या औषधाने तो वर आला, हे मी पाहिलंय. पण त्याच्या आत आज काय फाटलंय, ते मला अजून माहीत नाही."

भावजयीने त्यांचे पाय धरले. बाईंनी तिला उठवलं आणि स्वतःही डोळे टिपले. पण नियम काही बदलला नाही.

गुंड्या माणसात यायला बरेच दिवस गेले. तरीही पडदा हलला की दचकायचा. हातांना जाड पट्ट्या, घास ताई भरवायची. एका दुपारी घास गिळून त्याने विचारलं, "ताई, पुढची फेरी कधी गं?"

भावजय खिडकीकडे वळली. ताईला वाटलं, सांगावं की लवकरच. खोटं नुसतं जिभेवर येऊन बसलं होतं. तिने ते गिळलं.

"नाहीये रे, गुंड्या. माझ्या हाताने घालवली."

त्याने पट्ट्यांकडे पाहिलं. "मग आता?"

"आता काय ते मला नाही माहीत. मी इथे बसते."

"किती वेळ?"

"तू हाकलेपर्यंत."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. हाकललं नाही, थांबही म्हणाला नाही. दाराशी नर्स आली. "वेळ संपली, बाई. उठा आता."

ताईने पदराने त्याचं तोंड पुसलं, वाटी खाली ठेवली, आणि ती उठली नाही.