पिंजऱ्यावरचं वय

"एकुह्ले!"

घरात कोणी आहे का, अशी दुदुझिलेने तिसऱ्यांदा हाक घातली आणि फाटकाची कडी वाजवली. बुलावायोच्या लुवेवे वस्तीत फाटकावर अशी हाक गेली की आधी कुत्रं भुंकतं, मग माणूस बाहेर येतं. इथे कुत्रं भुंकणार नाही हे तिला ठाऊक होतं, त्यासाठीच तर ती आली होती. तरी तिचे कान भुंकण्याची वाट पाहत राहिले.

"अगं आले, आले! कडी तोडतेस की काय?"

गोगो मान्याथी, म्हणजे मान्याथी आजी, घराला वळसा घालून आली. भाजीच्या वाफ्यातली ओली माती तिच्या हातांवर तशीच होती. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"शेल्टरची ना तू? ये. अशी चोरासारखी काय उभी राहतेस?"

चोरासारखी म्हटल्यावर दुदू चपापली. म्हातारी सहज बोलून गेली होती, पण चोराला कुठलंच बोलणं सहज वाटत नाही.

नऊ वर्षं दुदू शहराबाहेरच्या डॉग शेल्टरमध्ये काम करत होती. पाच आठवड्यांपूर्वी तिनेच मेजर नावाच्या तपकिरी कुत्र्याची साखळी या म्हातारीच्या हातात दिली होती. गेल्या रविवारी मेजर मेला. सोमवारी म्हातारीच्या मुलाने, बेकिंकोसीने, जोहान्सबर्गहून फेसबुकवर लिहिलं, 'पाच वर्षांचा तगडा कुत्रा म्हणून माझ्या एकट्या आईच्या गळ्यात मरायला टेकलेलं जनावर मारलं.' बुधवारपर्यंत निम्मं बुलावायो त्या पोस्टखाली गोळा झालं. शेल्टरवाले धडधाकट कुत्री मारतात, कुंपणाची भिंत नाही म्हणून गरिबाला दारातूनच परत पाठवतात, वाटेल ते लिहिलं लोकांनी, आणि त्यातलं बरंचसं खरंही होतं. एकाने पिंजऱ्याला कुलूप लावणाऱ्या दुदूचा फोटो टाकून खाली 'जल्लाद' असं लिहिलं. शेल्टरच्या जागेचा करार पुढच्या महिन्यात नगरपालिकेपुढे येणार होता. अध्यक्षीणबाई मिसेस प्रिंगल घायकुतीला आल्या होत्या. "दुदू, तू जा. हवं तर पाया पड, हवा तो तरणा कुत्रा दे, पण ती पोस्ट काढायला लाव," असं म्हणून त्यांनी तिला पिटाळलं होतं.

एक गोष्ट मिसेस प्रिंगलना माहीत नव्हती. मेजरच्या फाइलमध्ये डॉक्टरने लिहिलं होतं, वय अकरा, मूत्रपिंडं कमजोर, खारट अजिबात नको. पिंजऱ्यावरच्या कार्डावर दुदूने स्वतःच्या हाताने लिहिलं, वय पाच, तब्येत उत्तम. आठाच्या पुढचा आकडा दिसला की लोक पुढच्या पिंजऱ्याकडे सरकतात. आणि दर गुरुवारी एक यादी होते; जागा नाही म्हणून शुक्रवारी ज्यांना मरणाची सुई द्यायची त्यांची. मेजर त्या यादीत दुसरा होता.

शिव्यांचं तिला एवढं काही वाटलं नव्हतं. पण इकडे येताना कोंबीत, भाड्याच्या मिनीबसमध्ये, बसल्या बसल्या ती पोस्टखालचं सगळं वाचत होती आणि एका साध्या ओळीपाशी अडली. 'मी माझं वय खरं सांगितलं, म्हणून मला पेनी मिळाली नाही. सिझिबा, निवृत्त रेल्वे गार्ड.' सत्तरीपुढच्या माणसाला कुत्रा द्यायचा नाही, हा शेल्टरचा नियम. माणसं मरतात आणि कुत्री परत येतात. सत्याहत्तर वर्षांच्या सिझिबांच्या फॉर्मवर नकाराचा शिक्का दुदूनेच मारला होता. पेनी म्हातारी होती, आंधळी होती. तिला मागायला दुसरं कोणी आलं नाही. पुढच्या शुक्रवारी तिचा नंबर लागला.

गोगो खुर्चीत बसली आणि दुदू तिच्यासमोर चटईवर. म्हातारीने मक्याच्या आंबट-गोड, गार महेऊचा पेला तिच्या हातात दिला.

"गोगो, मी माफी मागायला आले."

"मागशील गं. आधी पी. उन्हातून आलीस."

तिने एक घोट घेतला.

"तो तिथे आहे," गोगोने हनुवटीने पेरूच्या झाडाकडे दाखवलं. झाडाखाली मातीचा लहानसा उंचवटा होता आणि त्यावर कुत्र्याचा पाण्याचा वाडगा पालथा घातलेला होता. "माझा म्हातारबा."

"म्हातारबा?"

"मग काय मेजर म्हणू? मेजर अशी हाक मारली की शेजारचा रिटायर मेजर बाहेर येऊन उभा राहायचा. म्हातारबाच म्हणायचे. पहिल्या दिवसापासून."

दुदूने पेला खाली ठेवला.

"पहिल्या दिवसापासून?"

"माझे बाई, माझ्या बापाच्या गोठ्यात चाळीस गुरं होती आणि राखणीला सहा कुत्री. ओठ वर केला की कुत्र्याचं वय कळतं मला. तू तिकडे कागद भरत होतीस तेव्हा मी त्याचे दात पाहिले. पाच म्हणे! अगं, पुढचे दात पार हिरडीपर्यंत झिजलेले."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू माझे दात पाहिले असतेस."

म्हातारी खुदकन हसली. तिच्या तोंडात मोजून चार-पाच दात होते. दुदूला तो दिवस आठवला. गोगोने वयाच्या रकान्यात अडुसष्ट लिहिलं होतं. ओळखपत्र पाहायची पद्धत होती, पण दुदूने ते मागितलं नाही. गुरुवार होता आणि कुत्रा बाहेर पडायला हवा होता.

"एकोणऐंशी पूर्ण झाली मला," गोगो म्हणाली. "बेकीला राखणदार पाहिजे होता. फोनवर रोज तेच. 'आई, तरणा घे, दांडगा घे.' त्याला काय जातंय तिकडून बोलायला? तरणा घेतला आणि उद्या मी डोळे मिटले, तर त्याला बघायचं कोणी? बेकी नेणार आहे जोहान्सबर्गला? शेजारपाजारचे दोन दिवस उष्टं टाकतील, तिसऱ्या दिवशी दगड. नाहीतर पुन्हा तुझा पिंजरा. मला माझ्या आधी जाणारा कुत्रा हवा होता. दात पाहिले आणि म्हटलं, हा बरोबर आहे."

माफीची वाक्यं दुदूने कोंबीत पाठ केली होती. त्यातलं एकही इथे चालण्यासारखं नव्हतं. जरा सुटल्यासारखं मात्र वाटलं, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

"दोन हिवाळे तरी काढेल असं वाटलं होतं," गोगो म्हणाली. "एवढ्या लवकर जाईल असं नव्हतं दिसत. पण पाणी किती प्यायचा गं! वाडग्याने भागायचं नाही, बादलीत तोंड घालायचा. मी म्हणायचे, उन्हाळा आहे."

हा प्रश्न विचारायचा नाही, हे दुदूला कळत होतं. तरी तिने विचारला.

"खायला काय घालत होता त्याला?"

"कापेंटा!" म्हातारीचा चेहरा उजळला. "नुसता मक्याच्या पिठाचा इसित्श्वाला समोर ठेवला की तोंड फिरवून बसायचा, लाडोबा. पण वर सुकट घातली की ताट चाटूनपुसून लख्ख. मग रोज घालायला लागले. बाजारात ती खूप मीठ लावलेली मिळते ना, तीच लागायची त्याला. शेवटच्या दिवशी काही घेत नव्हता, तर मी हातावर धरली. दोन मासे खाल्ले त्याने. माझ्यासाठी खाल्ले बघ."

बोलता बोलता ती थांबली. मातीचे हात तिने पदरासारख्या बांधलेल्या फडक्याला पुसले.

"तुला कुत्र्यांचं कळतं, पोरी. माझं काही चुकलं तर नाही ना?"

दुदू पालथ्या वाडग्याकडे पाहत राहिली. ऑफिसातल्या कपाटात तीन शब्द होते, डॉक्टरच्या वाकड्या अक्षरातले. ते तिने कार्डावर उतरवले असते, तर या बाईने हौसेने अळणी शिजवलं असतं, हातावर धरून भरवलं असतं, आणि कुत्र्याने कदाचित दोन हिवाळे काढले असते. ते शब्द आता सांगितले तर दुदूचं मन मोकळं होणार होतं, आणि ही म्हातारी उरलेलं आयुष्य आपल्याच हाताकडे बघत काढणार होती.

"नाही, गोगो," ती म्हणाली. "वय झालं होतं त्याचं."

जे वय तिने लपवलं होतं, त्याच्याच आडोशाला ती आता उभी होती.

"तेच मी म्हणते," गोगोने श्वास सोडला. "शेजारीण उगाच म्हणत होती, काहीतरी खाण्यात आलं असेल."

"मॅडम म्हणाल्यात, दुसरा हवा तो कुत्रा घ्या."

"नको गं. तो खड्डा मीच खणला. तीन दिवस कंबर धरून बसले होते. पुन्हा नाही जमायचं."

मग तिने फडक्याच्या गाठीतून फोन काढला, हात लांब करून बटण दाबलं आणि भांडायला उभी राहिल्यासारखी त्यात निरोप बोलू लागली.

"बेकी! ते फेसबुकावर लिहिलंयस ना, ते काढ. आत्ताच्या आत्ता. या पोरीने मला कुत्र्याचं वय पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुला पाच मी सांगितलं. आता आईला जल्लाद म्हण. आणि वेळेवर जेवत जा, गेल्या फोटोत गळ्याची हाडं दिसत होती."

"गोगो, माझ्यासाठी खोटं कशाला?"

"तू एक बोललीस, मी दोन बोलले. मोठी आहे ना मी."

निघताना म्हातारी आत गेली आणि प्लास्टिकची एक पुडी घेऊन आली. तिचं तोंड दोऱ्याने नीट बांधलं होतं.

"ही म्हातारबासाठी आणलेली. उरली. तुझ्याकडच्या म्हाताऱ्यांना घाल."

दुदूने थोरामोठ्यांकडून घ्यावी तशी दोन्ही हातांची ओंजळ करून ती पुडी घेतली.

कोंबीच्या थांब्यावर पोहोचेपर्यंत पोस्ट गेली होती. पोस्टबरोबर शिव्या गेल्या, जल्लाद गेला, तिचा फोटो गेला. तिने वरखाली करून पाहिलं. सिझिबांची ती एक ओळही गेली होती. त्या ओळीला कोणी काही उत्तर दिलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"दुदू! गेली गं पोस्ट!" मिसेस प्रिंगलचा आवाज फोनबाहेर सांडत होता. "जादूगारीण आहेस तू. काय दिलंस तिला?"

"काही नाही, मॅडम. घेऊनच आले." तिने पुडी मांडीवर ठेवली. "नकाराच्या फाइलमध्ये सिझिबांचा फॉर्म असेल. त्यांचा नंबर मला पाठवाल?"

"रेल्वेवाले? कशाला? सत्याहत्तरचे आहेत ते."

"हो. त्यांनी तसं लिहिलंय."

कोंबी येऊन थांबली. कंडक्टरने दारातून अर्धं अंग बाहेर काढून आरोळी दिली, "टाउन, टाउन, टाउन! चला ताई, तुमच्यासाठीच गाडी काढलीय!" दुदूने हातानेच नको म्हटलं. तो काहीतरी टोमणा मारून निघून गेला.

"त्यांना पाच नंबरमधला कुत्रा दाखवायचाय," ती म्हणाली. "पण आधी त्या पिंजऱ्यावरचं कार्ड काढा, मॅडम. वय सहा लिहिलंय. फाइलमध्ये दहा आहे."

"डॉक्टरची चूक?"

"माझं अक्षर आहे."

पलीकडे खुर्ची करकरली. मागून भुंकणं ऐकू आलं, एकात एक मिसळलेलं, चाळीस कुत्र्यांचं.

"आणि मेजर?" मिसेस प्रिंगलनी हळूच विचारलं.

"त्याचीही फाइल काढून ठेवा. मी येते, मग दोघी बसून वाचू. फक्त म्हातारीला यातलं काही कळवायचं नाही. कधीच नाही."

थांब्यावरचं एक लुकडं कुत्रं वासावर जवळ आलं आणि शेपूट हलवत तिच्या मांडीशी उभं राहिलं. तरणं होतं, दात पांढरेशुभ्र. त्याला चार मासे घातले असते तर काहीही बिघडलं नसतं. दुदूने पुडी उचलली आणि दोन्ही हातांनी उराशी घट्ट धरली.