आबिंडी हाया

“पुस्तकातलं वाक्य परीक्षेपुरतं ठेवा,” जर्मनच्या बाई म्हणाल्या. “घरात कोणी ‘मी आता निद्रेसाठी प्रस्थान करतो’ म्हणतं का?”

वर्ग हसला. सगळ्या नर्सच होत्या, ड्यूटी आटपून आलेल्या; झोपेचा विषय निघताच चेहरे खुलले. बाई एकेक सांगत गेल्या. दमलेला माणूस तिकडे म्हणतो, मी स्वतःला कानावर आपटतो. म्हणजे, जरा आडवा होतो. कोणी म्हणतं, चला पिसांत, कारण पूर्वी गाद्यांमध्ये पिसं भरलेली असत. आणि लहान मुलांना म्हणतात, ‘आब इन डी हाया’. चला, गाई गाई.

मागच्या बाकावरच्या सिस्टरचं पेन थांबलं. ती वर्गात वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून बाकीच्या तिला ताई म्हणत. तो शब्द तिच्या घरातला होता.

तिचे बाबा छापखान्यात मेकॅनिक होते. रॉकेलने हात चोळून, मग साबणाने धुऊन ते जेवायला बसत आणि जेवण झालं की दोघी बहिणींना म्हणत, “चला, आबिंडी हाया.” मुलींना वाटे, बाबांनीच मनाने बनवलेला शब्द. आईसुद्धा दुपारी शेजारणीला सांगायची, हळू बोला, पोरी हायात आहेत. पुढे शाळेच्या सहलीत ताईच्या तोंडून “मला हाया आलीय” असं निघून गेलं आणि मुलींनी सहलभर तिची टर उडवली. घरी येऊन ती रडली. त्यानंतर बाबांनी तो शब्द पुन्हा कधी काढला नाही.

आता आई नव्हती. धाकटी बहीण लग्न होऊन गावातच होती आणि बाबा ताईपाशी राहत. त्यांना विचारावं असं तिला फार वाटलं, पण विचारायचं तर जर्मनच्या क्लासचं सांगावं लागणार होतं. हॉस्पिटलचं ट्रेनिंग आहे, एवढंच तिने त्यांना सांगितलं होतं. परीक्षा पास झाली की ती परदेशी जाणार होती, तिथल्या वृद्धाश्रमात नोकरीला. बरेच दिवस तिने विषय टाळला.

शेवटी एका रविवारी दुपारी, खिडकीजवळ त्यांची नखं कापत असताना, तिने विचारलंच. हाया म्हणजे काय, बाबा?

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “तू कुठे ऐकलंस?”

“तुम्हीच म्हणायचात.”

“ते झालं. आता कुठे ऐकलंस?”

मग तिने सगळं सांगून टाकलं. बाबा चिडले नाहीत. त्यांनी एका जर्मन फिटरची गोष्ट सांगितली. नवी मशीन बसवायला तो आला होता आणि बाबा त्याच्या हाताखाली होते. त्याच्या टूलबॉक्सच्या झाकणात आतून छोट्या मुलीचा फोटो चिकटवलेला होता. संध्याकाळी हत्यारं पुसून ठेवली की तो फोटोकडे बघून तेच तीन-चार शब्द म्हणायचा आणि झाकण लावायचा. भाषा कळत नव्हती, तरी अर्थ कळला.

“मला वाटलं, हा बिचारा फोटोला सांगतोय,” बाबा म्हणाले, “आपण तर रोज घरी जातो.”

तिने त्यांचा दुसरा हात मांडीवर ओढून घेतला. बाबांनी विचारलं, तिकडे काम काय असेल? तिने सांगितलं, म्हाताऱ्या माणसांचं. आंघोळ, जेवण, औषधं, रात्री झोपवणं.

“त्यांना हाया म्हणू नकोस,” बाबा म्हणाले.

“का?”

“मोठी माणसं असतात ती. सांभाळून घेतलेलं चालतं, लाडात बोललेलं नाही चालत.”

ते रागावून बोलले नव्हते. पण तिच्या लक्षात आलं, की गेल्या वर्षभरात त्यांना विचारल्याशिवाय आपण त्यांचं ताट वाढतो, शर्ट काढून ठेवतो, आत्ता हातसुद्धा न विचारता ओढला. तिने तो सोडला.

“धाकटीला सांगितलंस का?” त्यांनी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. “मग मी सांगतो,” ते म्हणाले. “तू अभ्यास कर.”

त्यांनी नेलकटर मागून घेतलं. ते पुन्हापुन्हा घसरत होतं. एक नख तिरकं तुटलं. ते त्यांनी उजेडात धरून पाहिलं आणि पुढचं बोट घेतलं. ती दोन्ही हात मांडीत धरून त्यांच्याजवळ बसून राहिली.