दोन तासांचे अंतर

मित्रांनो, कपाटामागे गुंडाळून ठेवलेला, वाळवी लागलेला हा कागद म्हणजे मी, एक जुना नकाशा. छापखान्यात माझ्यावर आधी समुद्राचा निळा रंग चढला, मग जमिनीचे रंग आणि शेवटी शहरांचे काळे ठिपके. पाठीला कापड चिकटवून मला विमानाची तिकिटे विकणाऱ्या एका छोट्या कचेरीत टांगले.

कचेरी ताईंची. कुणी अंतर विचारले की त्या माझ्यावर पट्टी ठेवून क्षणात सांगत. "नकाशा झकास आहे हो!" असे लोक म्हणाले की मी भिंतीवर फुलून जाई.

शेजारच्या दुकानातले शिंपीकाका रोज चहाच्या वेळी येत. त्यांची धाकटी बहीण दूरच्या बंदराच्या शहरात राही. बोलता बोलता त्यांचे बोट त्याच ठिपक्यावर जाई. बोट फिरून फिरून तिथली शाई उडाली होती.

एके दिवशी ते चहाच्या वेळेआधीच आले. चेहरा उतरलेला.

"ताई, मेहुण्यांचा फोन होता. बहिणीचं काही खरं नाही म्हणाले, दवाखान्यात आहे. किती वेळ लागेल हो?"

ताईंनी पट्टी लावली. "सरळ अकराशे किलोमीटर. विमानानं दोन तास."

"दोनच तास?" काकांचा जीव भांड्यात पडला. "मग एका नवरदेवाचा कोट अर्धवट आहे, तेवढा हातावेगळा करतो. उद्या दुपारचं तिकीट द्या."

"चालेल की," ताई म्हणाल्या.

विमानतळ गाठायलाच दोन तास लागतात, तिथे दोन तास आधी पोहोचावे लागते, हे त्या बोलल्या नाहीत. बंदराच्या शहरातला दवाखाना पार दुसऱ्या टोकाला होता, ते कुणी विचारलेच नाही. मला ठाऊक होते, पण नकाशाला तोंड कुठे असते?

आठवड्याने काका आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "घरातून निघाल्यापासून नऊ तास लागले, ताई. 'दादा कुठवर आला?' असं ती सारखं विचारत होती म्हणे. मी पोहोचायच्या अर्धा तास आधी गेली."

ताईंनी हातातली पट्टी बाजूला ठेवली. "काका, मी नीट सांगायला हवं होतं..."

"तुम्ही खोटं कुठं बोललात? विमान हवेत दोन तासच होतं."

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पुन्हा ते कधी आलेही नाहीत.

पुढे ताई प्रत्येकाला घरापासून घरापर्यंतचा वेळ सांगू लागल्या. लोक वैतागत. "विमानाचं तेवढं सांगा ना!" म्हणत. मग लोक मोबाईलवरच पाहू लागले आणि कचेरीला कुलूप लागले. त्याआधी ताईंनी मला उतरवले, तो उडालेला ठिपका एकदा पाहिला आणि मला गुंडाळून ठेवले.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणणार नाही. वाळवी समुद्र संपवून जमिनीवर आली आहे. एवढेच सांगतो, आपले माणूस वाट पाहत असेल तर किती लांब आहे ते विचारत बसू नका, आधी निघा. माझे ऐकून कुणी निघेल असे मला वाटत नाही. काकासुद्धा शहाणेच होते.