नागुबाईचा नवरा

"वैनी, ती गाडी उंबऱ्याला लागू द्यायचा न्हाय मी," नागोजी म्हणाला आणि दारात आडवा उभा राहिला.

आत घोंगडीवर नागुबाईचा नवरा निजवला होता. पहाटे तो गेला. काकतीच्या अलीकडच्या या गावात त्याला सगळे भरमूच म्हणायचे. बेळगावच्या कँपात तो पावाच्या भट्टीवर कामाला होता, तिथं तो योहान होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून त्याला ही दोन नावं होती. आणि एकीकडच्या लोकांना दुसरीकडचं नाव सहन व्हायचं नाही.

नागोजी त्याचा धाकटा भाऊ. नागुबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो शेंबडा पोरगा होता, तिच्याच हातचा दूधभात खाऊन वाढला. आता त्याच्या मागं अंगणात भावकीतले गडी काठ्या घेऊन उभे होते. बाई मात्र एकही आली नव्हती. बांगड्या फोडायलाही कुणी आलं नाही, म्हणून नागुबाईनं मनगटाला तेल लावून त्या स्वतःच उतरवल्या होत्या.

"गाडीनं तुझं काय घोडं मारलंय?" तिनं विचारलं.

"कँपात न्हेऊन पुरणार त्येला. त्यो आमच्या बाच्या शेजारी जळंल. जित्तेपणी बाटला, मेल्यावर तरी घरला येऊ दे." नागोजीचा आवाज चिरकला. "माझ्या शेवंतीची सोयरीक मोडली संकेश्वरात. कशापायी? चुलता बाटगा म्हणून! पोरगी दिसभर चुलीम्होरं तोंड खुपसून बसती. आज ह्येला आगीत दिला की समदं धुऊन निघंल."

"लिंगायतं बी पुरत्यात. त्येंच्या सोयरिकी कुठं मोडत्यात?"

"त्येंचा धरम हाय त्यो!"

"मग ह्येंचा बी हुता की."

ती हे म्हणाली खरी, पण त्या धर्मावर तिचा स्वतःचाच किती राग होता हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नवरा बाटला तेव्हा तिचा बाप निपाणीहून गाडी जुंपून तिला न्यायला आला होता. ती गेली नाही. "घर माझं हाय, मी कशाला जाऊ?" असं म्हणाली आणि नवऱ्याला बजावलं, माझ्या चुलीला शिवायचं नाही. त्यानं वाद घातला नाही. बाहेरच्या कट्ट्यावर तीन दगड मांडले आणि आपलं आपण रांधून खाऊ लागला. आठवडाभर कँपात भट्टीपुढं राबायचा, शनिवारी चालत घरी यायचा. आणलेला पाव ती खात नसे. तो रविवारी तांबडं फुटायच्या आत उठून ख्रिस्ती देवळाला म्हणून पुन्हा कँपाची वाट धरायचा.

मग पोरगी मोठी झाली आणि त्यानं नागुबाईला विचारल्याशिवाय पोरीचाही बाप्तिस्मा करवला. मालूची मार्था झाली आणि कँपातच राहू लागली. तेव्हा मात्र नागुबाईनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. पाच-सहा वर्षं. तो शनिवारी यायचा, मेढीच्या खांबाकडं तोंड करून सांगायचा, "मार्था शिवणकाम शिकाय लागलीय. मार्थाला ताप आलता, आता बरी हाय." ती भांडी आपटत ऐकायची. मार्थाचं लग्न झालं, नात झाली, तेव्हा तो त्या एवढ्याशा एस्तेरला खांद्यावर बसवून कँपातून चालत घेऊन आला आणि दारातच थांबून पोरीला म्हणाला, "आज्जी ये म्हणंस्तवर आत जायचं न्हाय बग." नागुबाईनं हातातलं भांडं घासून पालथं घातलं. शेवटी "ये" म्हणाली. ते नातीला म्हटलं की त्याला, हे तिनं कधी सांगितलं नाही.

बाहेर बैल थांबले. गाडीत पेटी होती, भट्टीवरचा गुंडू आणि दोन गडी होते. पुढं कँपातल्या चर्चचे पाळकसाहेब उतरले, काळा झगा, हातात पुस्तक. दोन दिवसांपासून बापाच्या उशाशी बसलेली मार्था उठून दारात आली. पाळकसाहेब थेट चालत आले, तसा नागोजी अंग चोरून बाजूला झाला. गाडी अडवायला त्यानं काठी आणली होती, पण पाद्र्याला शिवायची त्याची तयारी नव्हती.

पाळकसाहेबांनी चादर बाजूला केली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मेलेल्याच्या ओठांवर तुळशीचं पान होतं.

"हे कुणी ठेवलं?"

"म्या," नागुबाई म्हणाली.

"काढा ते. योहान प्रभूचा माणूस होता. असलं काही चालणार नाही."

दारातून नागोजी ओरडला, "बघा रं! तुळस हाय त्येच्या तोंडात! आमचा हाय त्यो!" अंगणात काठ्या आपटल्या.

"दोघं बी गप ऱ्हावा!" नागुबाईचा आवाज असा चढला की कोपऱ्यातली एस्तेर रडायलाच लागली. "सायेब, तुमची मंडळी तुळशीपायीच त्येंच्यावर उठली हुती न्हवं? मी तापानं फणफणली हुती. तुळशीला पानी कोन घालणार म्हणून बरळत हुती. त्येनी घातलं. दिवा लावला. माझ्या देवांच्या म्होरं बसून माझ्यासाठी फुलं ठेवली. आन तुमी काय केलं? सा म्हैने त्येंस्नी तुमच्या देवळातल्या परभूच्या पंगतीला घेतलं न्हाय. दाराभाईर हुबं केलं."

पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. "मंडळीचे नियम असतात, बाई. त्यानं एक शब्द तक्रार केली नाही."

"मला बी केली न्हाय. मार्थानं सांगितलं म्हणून कळलं." ती नागोजीकडं वळली. "आन तू. तुळस माझी हाय. माझ्या हातानं ठेवलीया. त्ये त्येंच्या देवाचे हुते, तिकडंच जातील. रोज रातच्याला माझं नाव घेऊन डोळं मिटायचे. मला राग यायचा त्येचा. पर एक दिस चुकलं न्हाईत."

"पान तसंच राहणार असेल तर मी प्रार्थना म्हणणार नाही," पाळकसाहेब हळू पण कडक आवाजात म्हणाले.

"मग मी म्हणीन," मार्था म्हणाली. तिनं गुंडूला खूण केली. पेटी आत आली. पाळकसाहेब दारातच उभे होते, म्हणून भावकीतल्या कुणी तिला हात घातला नाही.

गावाच्या वेशीत पोरांनी बाभळीचे काटे टाकून वाट अडवली होती. बैल थांबले. कुणी पुढं होईना. नागुबाई गाडीमागून चालत आली होती. गावातली कुठलीच बाई अशी मयतीमागं गेली नव्हती, आणि दारांआडून बाया तिला शिव्या देत होत्या. तिनं पदर खोचला आणि काटे एकेक करून बाजूला ओढले. हातांतून रक्त आलं. नागोजी चार हातांवर काठी टेकून उभा होता.

"वैनी, ह्या वाटंनं गेलीस तर माघारी येऊ नगंस."

"यीन की. घर माझं हाय."

त्यानं काठी उचलली नाही.

कँपातल्या दफनभूमीत पाळकसाहेब शेवटी आलेच. कदाचित भट्टीवरची सगळी माणसं जमलेली बघून आले असतील. त्यांनी प्रार्थना म्हटली, पण कोरडेपणानं. "तुझा सेवक योहान याच्या मागे राहिलेली त्याची मुलगी मार्था आणि नात एस्तेर यांचं सांत्वन कर," असं म्हणून ते थांबले. बायको म्हणून कुणाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"आणि माझी आई, नागुबाई," मार्था मोठ्यानं म्हणाली.

पाळकसाहेबांनी वर पाहिलं नाही. पान उलटलं आणि पुढं वाचू लागले. गुंडू मात्र "आमेन" म्हणाला, मग त्याच्या मागून भट्टीवरचे सगळे. नागुबाईला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. तिनं मूठभर माती टाकली. काट्यांनी फाटलेल्या हाताला ती झोंबली.

मार्थानं तिला कँपातच राहायचा आग्रह केला. "तिकडं तुला पाणीसुद्धा भरू देणार नाहीत, आई."

"न्हाय दिलं तर वड्यावरनं आणीन."

दिवस मावळायच्या सुमाराला ती एकटी वेशीतून आत आली. काटे तसेच कडेला पडले होते. कट्ट्यांवर बसलेली माणसं ती जवळ येताच उठून आत गेली. दारं लागत गेली. ती रस्त्याच्या मधून चालत राहिली.

तिच्या ओट्यावर कुणीतरी बसलं होतं. जवळ गेल्यावर तिनं ओळखलं. नागोजीनं डोकं भादरलं होतं, मिशाही काढल्या होत्या. धोतर ओलं होतं, अंघोळ करून तसाच आला असावा. बोडक्या डोक्याचा तो तिला अगदी परका दिसला.

ती समोर उभी राहिली.

"त्येच्यासाठी न्हाय काढलं," नागोजी जमिनीकडं बघत म्हणाला. "आईचा थोरला हुता म्हणून काढलं."

"व्हय," नागुबाई म्हणाली.

तो उठला, आणि तिचा स्पर्श होणार नाही इतकं अंतर राखून तिच्या बाजूनं निघून गेला.